खिडकीची दोरी कोणाच्या हाती?



चैत्र-वैशाखातील व्याख्याने दिवस कलल्यावर ठेवण्याचा जो प्रघात आहे, त्यात मोठी व्यवहारबुद्धी आहे. ऊन हटवता येत नसेल तर माणसाने आपली वेळ हलवावी, असा तो साधा विचार आहे. परंतु कचेरीत काम करणाऱ्या माणसाला ही सोय नाही. सूर्य माथ्यावर असतो नेमकी तीच त्याच्या कामाची वेळ, आणि त्याची जागाही टेबलाखुर्चीने बांधलेली. वेळही हलत नाही आणि माणूसही हलत नाही, तेव्हा हलावयाचे कोणी, हा प्रश्न उरतो. ह्या प्रश्नाला निरनिराळ्या काळात जी उत्तरे दिली गेली, त्यांचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावा असा माझा विचार आहे.

आजच्या मुंबईत किंवा पुण्यात एखाद्या काचेच्या कचेरीत भर बारा वाजता जाऊन पाहावे. बाहेर डोळे उघडवत नाहीत इतका उजेड. आत मात्र काचांवर पडदे ओढलेले आणि छताला दिवे लावलेले. उजेड हवा म्हणून सबंध भिंत काचेची केली, तो सोसवेना म्हणून ती झाकली, झाकल्यामुळे अंधारले म्हणून दिवे लावले, आणि ह्या सगळ्यांची उष्णता बाहेर काढण्यासाठी थंड हवेचे यंत्र बसवले. एका चुकीचे निस्तरण दुसरीने आणि दुसरीचे तिसरीने, असा हा प्रकार आहे.

वस्तुतः कामाला उजेड किती लागतो? उजेड मोजण्याचे माप लक्स. एका मेणबत्तीचा उजेड एक मीटर अंतरावर जेवढा पडतो, तो साधारण एक लक्स. लिहिण्यावाचण्याच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स पुरतात. आपल्याकडील स्वच्छ दुपारचे ऊन मात्र एक लाख लक्सच्या घरात जाते. म्हणजे दारात जे उभे आहे त्याचा शेकडा अर्धा हिस्सा आत घेतला तरी काम भागते. थंड देशांतील खिडकीचे काम उजेड गोळा करण्याचे असते; आपल्या खिडकीचे काम तो गाळून घेण्याचे आहे. गाळणी किती बारीक ठेवावयाची हे मात्र घटकेघटकेला बदलते, आणि सगळी अडचण तेथेच आहे.

जुन्या वाड्यांत ही अडचण जाणवत नसे. मध्ये चौक, चौकाभोवती सोपा आणि सोप्यावर उतरते छप्पर. चौकातील फरशीवर पडलेले ऊन परतून सोप्यात येई ते मऊ होऊन येई. कारकून जमिनीवर बैठक घालून बसत. पुढे लिहिण्याची उतरती पेटी. ऊन पायाशी आले की पेटी उचलून हातभर आत सरकावयाचे, एवढेच. इमारत स्थिर होती, पण माणूस सुटा होता.

इंग्रजी अमदानीत कारकून टेबलाशी जखडला गेला आणि हे काम इमारतीकडे आले. मुंबईचे जुने सचिवालय १८७४ साली पुरे झाले. कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स ह्यांनी त्याची रचना केली. ओव्हल मैदानासमोरची ती लांबलचक इमारत पश्चिमेला तोंड करून उभी आहे. इंग्रजांनी तिला व्हेनिसच्या धर्तीच्या गॉथिक कमानी दिल्या, पण त्या कमानींच्या मागे खोल व्हरांडे ठेवले. परदेशी पोशाखाखाली देशी शहाणपण शाबूत ठेवले, असे म्हणावयास हरकत नाही. व्हरांड्यामुळे उतरते ऊन भिंतीला लागण्यापूर्वीच अडते आणि कचेरीच्या दाराशी पोचतो तो सावलीतला उजेड.

व्हरांड्याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी होत्या. लाकडी पट्ट्यांची झिलमिल, जिच्या पट्ट्या मधल्या दांडीने वर-खाली फिरवता येत. बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा, जो दोरीने गुंडाळता येई. आणि उन्हाळ्यात पाणी शिंपडलेले वाळ्याचे पडदे. ह्या तिन्ही गोष्टी हलणाऱ्या होत्या, आणि त्या हलवणारा माणूस तेथेच असे. त्याच काळात कचेऱ्यांतून पंखाही होता, पण त्याची दोरी खोलीबाहेर बसलेल्या पंखेवाल्याच्या हाती असे आणि वारा आतल्या साहेबाला लागे. झिलमिलीची दांडी मात्र ज्याच्या डोळ्यांवर ऊन येई त्याच्याच हाताशी असे. हा भेद लहान दिसतो, पण पुढील सर्व इतिहासात तोच महत्त्वाचा ठरणार आहे.

आता सूर्याकडे थोडे पाहू. मुंबई साधारण १९ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या आत. म्हणूनच आपल्याला वर्षातून दोनदा शून्य सावलीचा दिवस लाभतो. मुंबईत तो मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस येतो. ह्या दोन दिवसांच्या दरम्यान दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. डिसेंबरात तोच दुपारी दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर उतरतो. उंचावरच्या सूर्याला खिडकीवरचा आडवा छज्जा अडवू शकतो. सकाळ-संध्याकाळचा सूर्य मात्र खिडकीच्या समोरच येऊन उभा राहतो. त्याच्यापुढे छज्जाचे काही चालत नाही. पूर्व-पश्चिम खिडक्यांना उभे आडोसे लागतात, आणि तेही सूर्यासंगे फिरले तरच पुरे पडतात.

व्हरांड्यांची ही विद्या विसाव्या शतकाच्या आरंभी मागे पडू लागली. लोखंडी सांगाडा आणि काँक्रीट ह्यांमुळे भिंतीवरचा भार उतरला, आणि सबंध भिंतच काचेची करावी असे स्वप्न युरोपातील वास्तुकारांना पडू लागले. ह्या स्वप्नाला पहिला चटका पॅरिसमध्ये बसला. ल कॉर्बूझिए ह्यांनी तेथे मुक्तिफौजेसाठी बांधलेले आश्रयगृह १९३३ च्या डिसेंबरात उघडले. दक्षिणेकडची सबंध बाजू बंद काचेची. एकही तावदान उघडावयाचे नाही. मूळ योजनेत काचेचे दुहेरी पापुद्रे आणि हवा थंड करण्याची यंत्रे होती, पण पैशाअभावी ती गळाली. हिवाळ्यात कौतुक झाले. उन्हाळा आला तेव्हा आतील बायकामुले अक्षरशः भाजू लागली. अखेर सरकारी अधिकाऱ्यांच्या आग्रहाने उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दुरुस्तीत दर्शनी बाजूस ऊन अडवणारे काँक्रीटचे आडोसे आले. फ्रेंच भाषेत ह्या आडोशांना ‘ब्रीझ-सोलेय’ म्हणतात. ऊन फोडणारा, असा त्याचा अर्थ.

ह्या कल्पनेला थोर रूप आले ते मात्र उष्ण कटिबंधातच, आणि तेही एका सरकारी कचेरीत. ब्राझीलचे शिक्षणमंत्री गुस्ताव्हो कापानेमा ह्यांनी रिओ दी जानेरो येथे शिक्षण व आरोग्य खात्याची इमारत बांधावयाचे ठरवले. १९३५ साली स्पर्धा झाली, पण पहिला आलेला आराखडा कापानेमांनी बाजूस ठेवला आणि काम ल्युसिओ कॉस्ता ह्यांच्याकडे दिले. कॉस्तांनी तरुण वास्तुकारांची मंडळी जमवली. त्यांत ऑस्कर नीमायर आणि आफोन्सो रेइडी होते. १९३६ च्या उन्हाळ्यात (आपल्या उन्हाळ्यात म्हणू नये, तेथे तेव्हा हिवाळा असतो) ल कॉर्बूझिए सल्लागार म्हणून काही आठवडे रिओला आले. १९३७ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १९४५ च्या ऑक्टोबरात इमारतीचे उद्घाटन झाले.

रिओ सुमारे २३ दक्षिण अक्षांशावर आहे. म्हणजे आपला आरशातला शेजारी म्हणावा असे ते शहर. तेथे ऊन प्रामुख्याने उत्तरेकडून येते. म्हणून ह्या इमारतीची दक्षिण बाजू पूर्ण काचेची आहे, आणि उत्तर बाजूस काचेच्या पुढे काँक्रीटच्या उभ्या पट्ट्यांची चौकट उभी करून तिच्यात आडव्या निळ्या फळ्या बसवल्या आहेत. ह्या फळ्या त्या काळी निर्धोक समजल्या जाणाऱ्या ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या होत्या, आणि आत काम करणाऱ्याला तरफ फिरवून त्यांचा कोन बदलता येई. एका खिडकीतील फळ्या उघड्या, शेजारच्या आडव्या, पलीकडच्या मिटलेल्या, असे त्या भिंतीचे रूप दिवसभर बदलत राहावयाचे. आपल्या झिलमिलीचेच हे मोठे रूप नव्हे काय? फरक इतकाच की झिलमिल खिडकीपुरती होती आणि येथे ती सबंध इमारतीचा चेहरा बनली. १९४३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ब्राझीलच्या वास्तुकलेचे प्रदर्शन भरवले, तेव्हा ऊन आवरण्याची ही युक्ती ब्राझीलची खास देणगी म्हणून जगापुढे आली.

त्याच सुमारास आपल्या देशातही असाच प्रयोग चालू होता. पाँडिचेरीस अरविंदाश्रमासाठी अँटोनिन रेमंड ह्यांनी ‘गोलकोंडे’ ही इमारत योजिली. फ्रांतिशेक सामर आणि जॉर्ज नाकाशिमा ह्यांनी ती जागेवर उभी करण्यात मोठा वाटा उचलला. ती कचेरी नव्हे, साधकांचे वसतिगृह आहे. पण तिच्या दोन्ही लांब बाजूंना काच जवळजवळ नाहीच. जमिनीपासून छतापर्यंत आडव्या फळ्या, आणि खोलीत राहणाऱ्याने त्या आतून हाताने फिरवावयाच्या. लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवल्यामुळे उतरते ऊन सहसा आत येत नाही, आणि वारा मात्र खेळतो.

स्वातंत्र्यानंतर ल कॉर्बूझिए स्वतः भारतात आले. चंडीगडचे सचिवालय १९५८ पर्यंत उभे राहिले. सुमारे २५४ मीटर लांब आणि ४२ मीटर उंच अशी ही भिंत पुरी काँक्रीटच्या आडोशांची आहे. अहमदाबादेत गिरणीमालक संघाच्या १९५४ च्या इमारतीत त्यांनी दिशेचा विचार आणखी नेमका केला: पश्चिमेचे आडोसे तिरपे आहेत, पूर्वेचे सरळ आहेत, आणि उरलेल्या दोन बाजूंना विटांच्या जवळपास बंद भिंती आहेत. परंतु रिओच्या फळ्या हलत होत्या, आणि येथले आडोसे जागचे हलत नाहीत. यंत्रसामग्री दुर्मीळ आणि मजुरी स्वस्त अशा त्या काळात ओतीव काँक्रीटच सोयीचे होते, हे समजण्यासारखे आहे. तरीही चंडीगडच्या काँक्रीटवर एक आक्षेप पुढे अनेकांनी घेतला: दिवसभर तापलेले हे जाड आडोसे संध्याकाळी तीच उष्णता परत फेकतात. ऊन अडले, पण उष्णता दारातच बसून राहिली.

न हलणाऱ्या आडोशात आणखी एक उणीव आहे, आणि ती आपल्या पावसाळी मुलखाला फार लागू पडते. सूर्याचा मार्ग २१ जूनच्या दोन्ही बाजूंना सारखाच असतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तो ज्या वाटेने जातो, जवळजवळ त्याच वाटेने ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात जातो. भूमितीच्या दृष्टीने हे दोन दिवस जुळे भाऊ आहेत. पण आकाश? एप्रिलात मुंबईचे आकाश निरभ्र आणि तापलेले. ऑगस्टात तेच ढगांनी भरलेले. एप्रिलच्या मापाने आडोसा बांधला तर ऑगस्टात कचेरी काळोखते, आणि ऑगस्टच्या मापाने बांधला तर एप्रिलात ती भाजते. पंचांग पाहून ऊन ओळखता येते, पाऊस ओळखता येत नाही. म्हणूनच चिकाचा पडदा गुंडाळता येत असे.

ह्या आकाशाचे शास्त्रही थंड देशांत जन्मले, आणि ते तेथल्या आकाशाचे होते. पॅरी मून आणि डोमिना स्पेन्सर ह्यांनी १९४२ साली ढगाळ आकाशाच्या उजेडाचे सूत्र मांडले, आणि १९५५ साली ते आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाले. त्यात आकाश माथ्यावर सर्वांत उजळ, क्षितिजाच्या तिप्पट, असे धरले आहे. आपले स्वच्छ आकाश ह्याच्या उलट वागते: सूर्याजवळचा भाग सोडला तर ते माथ्यावर गर्द आणि क्षितिजाकडे उजळ असते. क्षितिजाकडचा हाच उजळ पट्टा खिडकीशी बसलेल्याच्या नेमका डोळ्यांपुढे येतो. टेबलावर उजेड पुरेसा असूनही डोळे दिपतात, ते ह्यामुळे. भारतीय मानक संस्थेच्या दिवसाच्या उजेडाविषयीच्या नियमांत, आय. एस. २४४० मध्ये, ढगाळ आकाश सोडून स्वच्छ आकाश प्रमाण धरले गेले. सूर्य क्षितिजापासून १५ अंशांवर असता आकाशाचा जो उजेड मिळतो तो ८००० लक्स मानावा, आणि त्याचा शेकडा एक भाग आत पोचला तर ८० लक्स मिळाले असे समजावे, असा तो हिशेब आहे. आपले आकाश आपणच मोजले पाहिजे, हा त्यामागचा विचार मला मोलाचा वाटतो.

पण हे शास्त्र बांधकामात मुरण्यापूर्वीच दुसरी लाट आली. विलिस कॅरिअर ह्यांनी १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवा आवरणारे यंत्र बनवले. दमट हवेने कागद फुगू नये हा त्याचा हेतू होता. यंत्र आधी कागदाच्या सुखासाठी आले, माणसाची पाळी मागाहून लागली. १९३८ मध्ये नळीचे दिवे बाजारात आले, आणि खिडकीपासून कितीही आत टेबल मांडण्याची सोय झाली. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये ‘लिव्हर हाउस’ ही बंद हिरवट काचेची कचेरी उभी राहिली आणि ती जगभरच्या कचेऱ्यांचा नमुना बनली. न्यूयॉर्क ४० अंशांच्याही उत्तरेस आहे. पण नमुन्याबरोबर अक्षांश येत नाही. तोच पोशाख पुढे मुंबईला, सिंगापूरला आणि दुबईला चढवला गेला. आडोसा बाहेरून जाऊन काचेच्या आत पडदा आला, आणि ही अदलाबदल महाग पडली. बाहेरचा पडदा उन्हाला दाराबाहेर थोपवतो. आतल्या पडद्यावर ऊन पडेपर्यंत ते घरात येऊन बसलेले असते.

१९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले आणि विजेचा विचार पुन्हा सुरू झाला. आता भिंत हलवावयाची, पण हाताने नव्हे, यंत्राने, असे ठरले. १९८७ साली पॅरिसमध्ये ‘अरब जग संस्था’ उघडली. झां नूव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या दक्षिण भिंतीवर २४० चौकटी बसवल्या, आणि त्यांत छायाचित्रकाच्या डोळ्याप्रमाणे उघडमीट करणाऱ्या धातूच्या झडपा. अरबी घरांच्या लाकडी जाळ्यांची आठवण त्यात होती. प्रकाश ओळखणाऱ्या यंत्रांनी त्या झडपा चालवावयाच्या होत्या. पण नाजूक यंत्रणा वारंवार अडू लागली, आणि हलणारी भिंत दीर्घकाळ जवळजवळ शोभेची राहिली. २०१२ साली अबू धाबीत ‘अल बहर’ नावाचे दोन कचेरी-मनोरे पुरे झाले. त्यांच्या काचेपुढे छत्रीसारखे मिटणारे-उघडणारे पडदे आहेत, दोहोंवर मिळून सुमारे २०००. सूर्य जसा फिरेल तसा संगणक ते उघडतो व मिटतो, आणि ऊन न लागणाऱ्या उत्तर बाजूस ते बसवलेलेच नाहीत. काचेवरची उष्णता निम्म्याहून अधिक घटते, असा योजकांचा हिशेब होता. आडोसा पुन्हा काचेबाहेर आला, हे फार चांगले झाले.

मात्र दोरी कोणाच्या हाती आहे? सोप्यात माणूस स्वतः सरकला, व्हरांड्यात त्याने चीक ओढला, रिओत तरफ फिरवली. अबू धाबीत दोरी गणिताच्या हाती गेली. ह्यात वाईट काय, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. कारण हातही काही निर्दोष नाही. १९७८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक विभागातील संशोधकांनी कचेऱ्यांच्या खिडक्यांची छायाचित्रे घेऊन पडदे कोठे असतात हे पाहिले. लोक पडदा रोजच्या रोज हलवत नाहीत असे दिसले. दिशा पाहून त्याची एक जागा ठरवतात आणि तेथेच तो राहू देतात. ऊन आले की पडदा ओढण्याची घाई होते, ऊन गेले की उघडण्याची आठवण राहत नाही. अंधाराची सवय लवकर होते.

परंतु दुसरेही एक सत्य संशोधकांच्या हाती लागले आहे. रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर ह्यांनी १९९८ साली जगभरच्या कचेऱ्यांतील नोंदी एकत्र करून दाखवले की, ज्यांना खिडकी उघडता येते अशी माणसे, बंद इमारतीतील माणसांपेक्षा कितीतरी अधिक उष्णता-थंडी तक्रार न करता सोसतात. उष्म्याविषयीचा हा निष्कर्ष उजेडालाही लागू असावा, असे मला अनुभवाने वाटते. आपण स्वतः उघडलेल्या खिडकीतून आलेली तिरीप आपल्याला आवडते. दुसऱ्याने न विचारता लादलेली तिरीप डोळ्यांत खुपते. यंत्राला सूर्य कोठे आहे हे पक्के माहीत असते, पण आज कोणाचे डोके दुखत आहे आणि पहिला पाऊस आला म्हणून कोणाला बाहेर पाहावयाचे आहे, हे त्याला कळत नाही.

म्हणून मला वाटते की ह्या दीडशे वर्षांनी दोन गोष्टी शिकवल्या आहेत. पहिली ही की, ऊन काचेबाहेर अडवावे आणि अडवणारी वस्तू ऋतूप्रमाणे हलती असावी. आपल्या एप्रिल-ऑगस्टच्या आकाशाला दुसरे उत्तर नाही. दुसरी ही की, रोजची उघडझाप यंत्राने खुशाल करावी, त्याला आळस नसतो. पण अखेरचा शब्द टेबलाशी बसलेल्या माणसाचा असावा. विमानातून इमारत कशी दिसेल, रस्त्यावरून ती किती झळकेल, ह्याचा खल पुष्कळ होतो. त्या खिडकीशी आठ तास, तीस वर्षे बसणाऱ्या कारकुनाला मात्र तिच्याविषयी कोणी विचारत नाही. त्याचे डोळे म्हणजे त्याची पुंजी आहे, आणि तीच तो त्या टेबलावर रोज खर्चीत असतो.

पुन्हा कधी जुन्या सचिवालयाजवळून जाल तेव्हा त्या कमानींच्या आतल्या सावलीकडे क्षणभर पाहा. तेथून निघून आपण फार लांब आलो, यंत्रेही फार शहाणी झाली. आता ह्या शहाण्या यंत्राला एक साधी दोरी जोडून तिचे टोक आत बसलेल्या माणसाच्या हाती द्यावे, एवढेच काम राहिले आहे. ते फार खर्चाचे नाही. फक्त त्या माणसाची आठवण राहिली पाहिजे.